घाट म्हणजे वाट

२०१२ साली युनेस्कोने सह्याद्रीतल्या निवडक जागांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ‘पश्चिम घाटाला मान’ असे मथळे दिले. आनंदाची गोष्ट होती, पण तो शब्द मला तेव्हाही खटकला आणि अजूनही खटकतो. मराठी माणूस डोंगराला घाट म्हणत नाही. तो डोंगराला डोंगर म्हणतो आणि त्यातून वरखाली करायची जी वाट असते तिला घाट. बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा ही सगळी वाटांची नावं आहेत. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपीय लोकांनी ‘आता घाट चढायचा’ हे ऐकलं असावं आणि समोरचा अख्खा पहाड म्हणजेच घाट, असं धरलं असावं. पुढे इंग्रजी नकाशांवर ‘वेस्टर्न घाट्स’ छापलं गेलं. शाळेच्या भूगोलाने त्याचं ‘पश्चिम घाट’ केलं. आपलाच शब्द साहेबाच्या घरी राहून अर्थ बदलून परत आला आणि आपण तो मुकाट्याने पदरात घेतला.

मूळ शब्द संस्कृत ‘घट्ट’, नदीत उतरायची जागा. काशीचे घाट, पंढरपूरचा चंद्रभागेचा घाट हे त्याच अर्थाने. मराठीने तो शब्द पाण्यावरून डोंगरावर नेला, पण आतलं बीज तेच ठेवलं. काठावर उभं राहून जिथून खाली उतरता येतं आणि पुन्हा वर येता येतं, तो घाट. (भांड्याचा ‘घाट’, दागिन्याचा ‘घाट’ हा वेगळा. त्याचं नातं घडण्याशी. तीन अर्थ एका उच्चारात राहतात आणि कोणाचं कोणावाचून अडत नाही.)

डोंगर आणि घाट यांतला फरक मला शब्दकोशाने नाही, पायांनी शिकवला. जुन्नरच्या पश्चिमेला कुकडी नदीच्या खोऱ्यातून वर चढत जावं, घाटघर या शेवटच्या गावातून पठार ओलांडावं आणि नाणेघाटातून ठाणे जिल्ह्यात मुरबाडच्या बाजूला वैशाखऱ्याला उतरावं, अशी एक चाल आहे. पाऊस सरल्यावर, भात पिवळं पडायच्या सुमाराला ती करावी. सकाळी लवकर सुरुवात केली तर दिवस पुरतो. या वाटेवर जे शब्द भेटतात ते बघ्यांनी ठेवलेले नाहीत. डोक्यावर, पाठीवर, बैलावर ओझं घेऊन गेलेल्या माणसांनी ते ठेवले आणि त्यांच्याच तोंडात ते झिजले. या डोंगराची भाषा पायांची आहे, असं माझं मत होत गेलं ते इथेच.

सुरुवात जुन्नरपासून करू. ‘जुन्नर’ म्हणजे जुनं नगर, जीर्णनगर. प्राकृतात ‘जीर्ण’चं ‘जुण्ण’ झालं, ‘नगर’चं ‘नयर’, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जुन्नर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हे नाव पडलं तेव्हाच गाव जुनं होतं! गावाभोवतीच्या डोंगरांत लेण्यांचे गटच्या गट कोरलेले आहेत. ‘लेणी’ म्हणजे डोंगराने ल्यालेला दागिना, ही व्युत्पत्ती सहलीला आलेल्या मास्तरांच्या तोंडून अनेकदा ऐकू येते. कल्पना देखणी आहे, पण खरी नाही. कोरीव गुहेला शिलालेखांत ‘लेण’ म्हटलं आहे आणि तो शब्द संस्कृत ‘लयन’वरून आला. लयन म्हणजे निवारा, आसरा. अंगावर लेण्याशी त्याचा संबंध नाही.

इथला एक छोटा लेख मला फार आवडतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या पेढीसंघाने म्हणा, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची ती नोंद आहे. त्यातले शब्द ओठांवर घोळवून बघा: ‘धंञिक’, ‘सेणि’, ‘सतगभ’, ‘पोढी’. ‘धंञिक’मध्ये आपलं धान्य आहे. ‘सत’ म्हणजे सप्त, आपला सात. ‘गभ’ म्हणजे गर्भ, आणि गर्भागारावरूनच आपला गाभारा आला. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजारात धान्य मोजणारा माणूस ‘सात’ म्हणताना आपल्यापेक्षा फार वेगळं तोंड करत नसणार.

चौथा शब्द ‘पोढी’, पाण्याचं टाकं. बोलण्यातून तो गेला आणि त्याची जागा ‘टाकं’ने घेतली. टाकं, टाकी आणि संस्कृत ‘टंक’ यांचं गोत एक असावं असं मानायला जागा आहे. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. जात्याला टाकी लावणारे गावोगाव हिंडायचे, ती हीच टाकी. टंक म्हणजे वजनाचं एक माप आणि त्या मापाचं नाणंही. त्यावरून टंकशाला, म्हणजे टाकसाळ. ज्या हत्याराने कातळात पाणी साठवायची जागा केली त्याचंच नाव त्या जागेला मिळालं, असं धरलं तर ते या डोंगरांत शोभून दिसतं. इंग्रजांचा ‘टँक’ हा शब्दही गुजराती-मराठी टाक्यावरून गेला आणि वाटेत पोर्तुगीज ‘टांके’ने त्याला हात लावला, असं त्यांचेच कोशकार सांगतात. त्यामुळे गच्चीवरच्या प्लास्टिकच्या काळ्या टाकीला ‘टँक’ म्हणणाऱ्याने शब्द फार लांबून आणला, असं समजायचं कारण नाही.

गाव सोडून पश्चिमेला लागलं की खोरं सुरू होतं. खोरं हा शब्द मात्र इथला नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांच्या चिंचोळ्या दऱ्यांना पुणे जिल्ह्यात जुन्या काळी तीन नावं होती. ढोबळमानाने उत्तरेला ‘नेर’, मधे ‘मावळ’, दक्षिणेला ‘खोरं’. भीमनेर, कुकडनेर, मीननेर. मग आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. मग मोसे खोरं, मुठा खोरं. जमीन तशीच, नदी तशीच, भात तेच, नाव मात्र चार कोसांवर बदलतं.

त्यातलं ‘नेर’ हे बहुधा नगर-नयरचंच झिजलेलं रूप. संगमनेर, पारनेर, अमळनेर ही तर सरळ गावांचीच नावं आहेत. जुन्नर भागात ते दरीला चिकटलं, कारण मुख्य गावाच्या नावाने भोवतालचा मुलूख ओळखायची आपल्याकडे जुनीच रीत आहे.

‘मावळ’ची गोष्ट जास्त रंगतदार आहे, पण ती सांगण्याआधी चावंड दिसायला हवा.

कुकडीच्या खोऱ्यात शिरल्यावर चावंडचा किल्ला समोर येतो. उभ्या कड्यांचा, माथ्यावर सपाट. शिवाजी महाराजांनी त्याचं नाव प्रसन्नगड ठेवलं, पण लोकांच्या तोंडी चावंडच राहिलं. गडावर चामुंडा देवीचं ठाणं आहे. चामुंडा ते चावंड हा प्रवास कसा झाला, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. स्वरांच्या मधे अडकलेल्या ‘म’चा ‘व’ करायची मराठीला जुनी खोड आहे. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, श्यामलचं सावळा, कोमलचं कोवळा, कुमारचा कुंवर. याच वाटेच्या कडेला हिरड्याबरोबर आवळ्याची झाडं लागतात, तो आवळाही आमलक. म्हणजे चामुंडेचं चावंड होणं हे कुणा एकाच्या अडाणी उच्चाराने झालं नाही. साऱ्या भाषेनेच ते नियमाने केलं.

आता मावळ. ‘मावळतीचा मुलुख तो मावळ’ असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते पटतंही, कारण पुण्याहून बघितलं तर सूर्य खरंच त्या बाजूला मावळतो. पण कार्ल्याच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचे लेख आहेत, सुमारे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. त्यांत या भागाचं नाव ‘मामाल’ असं येतं आणि त्या विभागाला ‘मामालाहार’ म्हटलं आहे. आहार म्हणजे जेवण नव्हे, जिल्हा. मामालमधल्या दुसऱ्या ‘म’ला चावंडचा नियम लावा. मावाल, मावळ. सूर्याचा काही संबंध उरत नाही. प्रदेशाचं नाव आधी होतं आणि ‘मावळतीकडचा’ हा अर्थ आपण मागाहून त्यात वाचला. हे सांगितलं की काही मंडळींचा चेहरा पडतो. मला मात्र ‘मामाल’ जास्त भावतं. मावळत्या सूर्याची नावं जगात कुठेही ठेवता येतील, पण कार्ल्याच्या दगडावर कोरलेला शब्द आज लोणावळा लोकलमधली माणसं रोज उच्चारतात, हे काही कमी नाही.

नदीकाठाने पुढे गेलं की पूर नावाचं गाव लागतं आणि त्याच्याजवळ कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ. नदीकाठच्या गावाचं नाव पूर! पाहुण्याला वाटतं, कधीतरी नदीने दणका दिला असेल. हे ‘पूर’ पण पुर म्हणजे नगर, सोलापूर-कोल्हापुरातलं. कुकडी नदी याच परिसरात उगम पावते. ‘कुकड’ म्हणजे कोंबडा, संस्कृत कुक्कुट. गुजराती त्याला अजून कूकडो म्हणतात. मराठीने कोंबडा हा दुसराच शब्द घरात घेतला आणि कुकड उंबऱ्याबाहेर राहिला. तो आता या नदीच्या नावात सापडतो, आणि भारद्वाज पक्ष्याला काही ठिकाणी कुक्कुडकोंबा म्हणतात त्यात.

याच नदीवर खाली माणिकडोहचं धरण आहे. डोह म्हणजे संस्कृत ह्रद. उच्चारायला अवघड म्हणून ‘ह’ आणि ‘द’ यांनी जागा बदलल्या, द्रह झालं, पुढे दह आणि डोह. हिंदीत कृष्णाच्या गोष्टीतला कालियाचा डोह ‘कालीदह’ असतो, तो याच शब्दाचा भाऊ. कुकडी अशीच पुढे वाहत पारनेर तालुक्यात निघोजला पोचते. तिथे तिने काळ्या कातळात असे काही खड्डे कोरले आहेत की बघत राहावं. पुराच्या पाण्यात भोवऱ्याबरोबर गोटे गरगर फिरतात, पात्रातला खडक खरवडतात आणि वर्षानुवर्षांनी तिथे तोंड अरुंद, पोट मोठं असा रांजण तयार होतो. गावकरी त्या जागेला कुंड म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकांनी मात्र ‘रांजणखळगे’ हा शब्द केला, आणि पुस्तकी शब्दांत इतका चोख शब्द क्वचित सापडेल. नुसता खळगा म्हटलं असतं तर पोट दिसलं नसतं.

ही नदी पुढे घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला. घाटघरच्या शेतात पडलेला पाऊस आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतो. तिथून थोडं पश्चिमेला, कड्याच्या पलीकडे पडलेला मुरबाडचे ओढे, काळू आणि उल्हास या वाटेने अरबी समुद्रात जातो. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने पुन्हा वर उडतं. त्याला हल्ली ‘रिव्हर्स धबधबा’ म्हणतात. धबधबा, झरा, खळखळ, झुळझुळ यांना व्युत्पत्ती विचारायला जाऊ नये. ते पाण्याकडून आले आहेत.

घाटघरला एका घराच्या ओट्यावर हिरडा वाळत घातलेला होता. आठळी धरायच्या आत तोडलेला बाळहिरडा, काळपट, सुरकुतलेला, लांबट. तो हातात घेऊन दाताखाली धरला की तोंड असं आवळतं की बोलणं थांबतं. मग पाणी प्यावं, ते गोड लागतं. संस्कृत हरीतकीचा हिरडा झाला. या पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांच्या घरांना या हिरड्याचे चार पैसे मिळतात. आयुर्वेदाच्या पुस्तकात त्रिफळा वाचणाऱ्यांना हरीतकी, बिभीतक आणि आमलक हे शब्द भारदस्त वाटतात. इथे ते हिरडा, बेहडा, आवळा होऊन अंगणात पडलेले असतात.

ओट्यावरच्या मामांना पुढची वाट विचारली. त्यांनी काठीने दाखवत सांगितलं, “ह्या सोंडंनं जा सरळ. फुडं डोंगराचं नाक लागंल, त्याला वळसा घाला. डाव्या अंगाला नळी हाय, तिच्यात शिरू नका. त्यो अंगठा दिसतोय न्हवं? त्याच्या बगलंत घाट.”

मामांनी एका दमात डोंगराचं अख्खं शरीर उभं केलं. सोंड, नाक, अंग, अंगठा, बगल. आपण शहरात वाट सांगताना बँक, सिग्नल आणि मॉल वापरतो. इथे हत्ती आणि माणूस मिळून सगळा नकाशा होतो. सोंड म्हणजे संस्कृत शुण्डा. डोंगराला माथा असतो, म्हणजे मस्तक. खांदा असतो, तो स्कंध. गाव डोंगराच्या कुशीत वसतं, ती कूस म्हणजे कुक्षि. खाली पायथा. इतकंच काय, ‘डाव्या बाजूला’ हे ज्याला शुद्ध मराठी वाटतं त्याने ऐकावं की बाजू हा फारसी शब्द आहे आणि त्याचाही अर्थ दंड, हात. ‘अंगाला’ म्हणा नाहीतर ‘बाजूला’, शरीर काही सुटत नाही. मामा ज्याला अंगठा म्हणाले तो घाटाशेजारचा उंच सुळका, ‘नानाचा अंगठा’. दक्षिणेला जीवधन किल्ल्याजवळचा दुसरा सुळका वानरलिंगी. त्याला काहीजण भायखळ्याच्या पुतळ्याच्या आठवणीने ‘खडा पारशी’ म्हणतात. मुंबईत एखादा माणूस पुतळा होऊन उभा राहिला की जुन्नरच्या दगडाला माणसाचं नाव मिळतं.

आणि मग पठार एकदम संपतं. अंगठ्याच्या बगलेत कातळ फोडून केलेली अरुंद खिंड, दगडी पायऱ्या, आणि तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून पैठणकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी या रांजणात जकातीची नाणी टाकायची, म्हणून हा नाणेघाट, अशी माहिती तिथे उभ्या प्रत्येक वाटाड्याकडून मिळते. यातल्या एकेका शब्दाला हात लावून बघू.

‘जकात’ अरबी. मूळ ‘झकात’, धर्माने सांगितलेलं दान. तो शब्द या घाटात आला तोवर सातवाहन इतिहासजमा होऊन शतकं लोटली होती. त्यांच्या जवळचा शब्द शुल्क, आणि त्याचं प्राकृत वळण सुंक यादवकाळच्या लेखांतही भेटतं. आज आपण टोल म्हणतो. वसूल करणारा तोच, शब्द तेवढा बदलतो.

आता ‘नाणं’. घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे तिच्या दोन्ही भिंतींवर नागनिका या सातवाहन राणीचा मोठा लेख आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी १९व्या शतकात त्याचा अर्थ लावला. राणीने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांचा तो हिशेब आहे. गाई, घोडे, हत्ती आणि हजारांनी मोजलेली नाणी. पण त्या नाण्यांना लेखात म्हटलं आहे ‘काहापण’, म्हणजे कार्षापण. नाणेघाटाच्या स्वतःच्या गुहेत नाण्याला ‘नाणं’ म्हटलेलं नाही! ‘नाणक’ हा संस्कृत शब्द नंतरचा. कुषाणांच्या नाण्यांवर नना नावाच्या देवतेची मूर्ती आणि नाव येतं, तिच्यावरून तो रूढ झाला असा एक तर्क आहे, आणि कुषाण नागनिकेच्या मागून आले. तेव्हा इथे पैसे गोळा होत असतीलही, पण ‘नाणेघाट’ हे नाव सातवाहन व्यापाऱ्याच्या तोंडी नव्हतं. शिवाय दक्षिणेला नाणे मावळ आहे, त्यात नाणे गावही आहे. तिथे रांजण कुणी ठेवला?

दुसरी गोष्ट नाना आणि गुणा या भावांची. दोघांनी पैज लावून घाट कोरला, नाना जिंकला, त्याचं नाव पडलं. ही गोष्ट सांगणारा माणूस ‘नाना’ म्हणतो तेव्हा दाताला जीभ लावून ‘न’ म्हणतो आणि लगेच पुढे ‘नाणेघाट’ म्हणताना टाळूला नेऊन ‘ण’. मराठी कान या दोहोंची गल्लत सहसा करत नाही. ‘मन’ आणि ‘मण’ यांत आपण फसत नाही, मग इथेच का फसावं? अंगठा नानाचा राहू द्यावा. घाट त्याचा होत नाही.

लेखातल्या गाई-घोड्यांपेक्षा गुहेची मागची भिंत मला जास्त वेळ धरून ठेवते. तिथे राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिकाच), राजा सातकणी, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी. पुतळे फुटून गेले. नावं राहिली आणि तळाशी काही पावलांच्या खुणा. ‘महारठी’ या एका शब्दावर महाराष्ट्राच्या नावाचे किती वाद झाले! ते इथे उकरत नाही. उतरायचं आहे.

उतार सुरू झाला की पहिला प्रश्न येतो, किती लांब? खालून गवताचा भारा घेऊन वर चढणाऱ्या बाई म्हणाल्या, “हे काय, हाकंवर.” हाकेवर म्हणजे गुडघे बोलू लागेपर्यंत, हे नंतर कळलं. पण उत्तर व्युत्पत्तीला धरून होतं. कोस म्हणजे संस्कृत क्रोश, आणि क्रोश म्हणजे ओरडणं. आक्रोश हा त्याच घरातला. माणसाची आरोळी जिथवर पोचते तो कोस. चार कोसांचं योजन, आणि योजन म्हणजे जुंपणं, एकदा बैल जुंपला की सोडेपर्यंतची वाट. मैल लॅटिनमधला हजार, रोमन सैनिकाच्या हजार दुहेरी पावलांचा. मजल अरबी, मंझिल म्हणजे जनावरावरून उतरायची जागा. ‘मजल दरमजल करत’ म्हणजे एकेका उताऱ्यावर थांबत. त्याच शब्दाने आपण इमारतीचे मजले मोजतो. मुक्काम पुन्हा अरबी, थांबायची जागा. किलोमीटर आला तेव्हा पहिल्यांदा अंतर माणसाच्या आणि बैलाच्या अंगातून बाहेर पडलं. १८व्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी मीटर ठरवला तो पृथ्वीच्या परिघावरून. त्या मापात थकवा मावत नाही. म्हणून त्या बाईंना किलोमीटर विचारू नये.

सगळे घाट सारखे नसतात, आणि जुन्या लोकांनी नावातच इशारा देऊन ठेवला आहे. नाणेघाटातून ओझ्याचे बैल जायचे म्हणून तो घाट. मामांनी जिच्यात शिरू नका म्हटलं ती नळी किंवा नाळ, म्हणजे पाण्याने कोरलेली अरुंद उभी घळ. पाय ठेवायलाही जागा नसते, धोंड्यांवरून उड्या. ‘निसणीची वाट’ म्हटली की हात लावून चढायचं, कारण निसण म्हणजे निःश्रेणी, शिडी. प्राकृतात ते ‘निसेणी’ झालं. आपण शिडी हा शब्द धरला आणि निसण सोडला, पण डोंगराने तो सोडला नाही. नाशिक-अकोल्याकडे ‘बारी’ लागते. ती द्वारातली. संस्कृत ‘द्वार’चे दोन वारस निघाले, एकाने द ठेवला तो दार, दुसऱ्याने व ठेवून त्याचा ब केला तो बार, बारी. गुजराती माणूस आजही खिडकीला बारी म्हणतो. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव बारी, ते या अर्थाने डोंगराच्या दारातलं गाव.

वाट हा शब्द तर सगळ्यांच्या मुळाशी. वर्त्मन् वरून आलेला. तो मराठीने किती कामांना जुंपला! वाटमारी झाली, वाटखर्ची झाली, वाटाड्या झाला. एखाद्याच्या वाटेला जाणं म्हणजे भांडण काढणं. वाट लागणं म्हणजे नाश. आणि कुणी यायचं असेल तर आपण वाट बघतो. येणाऱ्या माणसाकडे नाही, तो ज्यावरून येईल त्या वाटेकडे बघतो. ज्या मुलखात माणूस घाट चढून यायचा तिथेच हा वाक्प्रचार जन्मावा हे रास्त आहे.

याउलट आजकालचा आवडता शब्द ‘पॉइंट’. महाबळेश्वर-माथेरानला साहेबाने ते मांडून ठेवले, आता प्रत्येक कड्याला एक असतो. घाट ओलांडायचा असतो, पॉइंटवर थांबायचं असतं. पॉइंटवरून कुणी कुठे जात नाही, आलेल्या वाटेनेच मागे फिरतो. नाणेघाटाच्या माथ्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. माणसं अंगठ्याजवळ फोटो काढतात, मक्याचं कणीस खातात आणि जुन्नरला परततात. त्यांतली फार थोडी माणसं घाट उतरतात.

खाली जंगल दाट होत जातं, हवा दमट होते, घाम वाळायचा बंद होतो. हे कोकण. वरच्या मुलखाला इथली माणसं नुसतं ‘घाटावर’ म्हणतात. म्हणजे घाट शब्दाने आणखी एक पाऊल टाकलं. वाट जिथे नेते तो मुलूखही घाट. तिथून आलेला तो घाटी. ही माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला आली, तेव्हा मुंबईने त्या शब्दाला शिवीचा वास दिला. गावंढळ, रांगडा, कळकट असे सगळे अर्थ त्यात कोंबले गेले. घाट चढलेल्या माणसाला शहराने दिलेलं हे बक्षीस.

वैशाखऱ्याला रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर बसलो होतो. कल्याणच्या एसटीला वेळ होता. टपरीवाल्या काकूंनी विचारलं, “घाटावरून आलात?” हो म्हटल्यावर त्यांनी पाय बघितले आणि हसल्या. मी धीर करून विचारलं, इथे कुणाला घाटी म्हटलं तर राग येतो का? त्यांना प्रश्नच कळला नाही.

“राग कशाला? आमची थोरली सून घाटीच हाय, घाटघरची. माहेराहून तांदळाचं वझं घेऊन नाणेघाट उतरते, आन् मोकळा आमचा पोरगा मागं राहतो.”